सेकंदाला एक मीटर

सोनोग्राफीचा ध्वनी आपल्या शरीरातून सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं धावतो. चरबीत थोडा कमी, स्नायूत थोडा जास्त, इतकंच. लिव्हर निरोगी असो की सिऱ्होसिसनं टणक झालेलं, या वेगात फारसा फरक पडत नाही. हा ध्वनी अवयवाला दाबत पुढे जातो, आणि दाबल्यावर आक्रसण्याच्या बाबतीत सगळे मऊ अवयव जवळपास पाण्यासारखेच वागतात.

त्याच लिव्हरमधून आणखी एक लाट जाऊ शकते. ती पुढे सरकते आणि वाटेतल्या पेशी आडव्या हलतात. निरोगी लिव्हरमध्ये तिचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटरच्या आसपास, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा! पण कडकपणा ओळखावा तो हिनंच. अवयव जितका कडक, तितकी ती वेगवान. वेगाचा वर्ग करून तीन हजारांनी गुणलं की कडकपणा पास्कलमध्ये मिळतो. सेकंदाला 1 मीटर म्हणजे 3 किलोपास्कल, 2 मीटर म्हणजे 12, आणि 5 मीटर म्हणजे 75. फायब्रोस्कॅन या यंत्राची मोजपट्टी नेमकी या 75 ला संपते.

ही तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्ण उताणा झोपतो, उजवा हात डोक्यामागे घेतो. दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत टेकवलेला प्रोब एक टिचकी मारतो आणि लाट आत निघते. मोजणी होते ती चारेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात, आणि तेवढं अंतर कापायला लाटेला लागतात 40 मिलिसेकंद. सोनोग्राफीचा ध्वनी तेवढ्याच अंतरावर जाऊन परत येतो सुमारे 52 मायक्रोसेकंदांत. लाट पट्टा ओलांडेपर्यंत ध्वनीच्या शेकडो फेऱ्या होऊ शकतात, म्हणून यंत्राला तिचा पाठलाग करता येतो. संथ लाटेला वेगवान लाटेनं टिपायची ही युक्ती मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

एमआरआय तर त्याहून बारीक पाहतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं, की 200 नॅनोमीटरहून छोटी हालचालही त्यात टिपता येते. 200 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग.

बायोप्सीच्या सुईत लिव्हरचा सुमारे पन्नास हजारावा भाग येतो. फायब्रोस्कॅन त्याच्या शंभरपट भाग तपासतो, तोही सुई न टोचता. तरी बायोप्सीची गरज संपलेली नाही. सूज कशामुळे आहे, हे बऱ्याचदा तीच सांगते.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर किलोपास्कलचा आकडा एकटा वाचू नका. तो किमान दहा मोजण्यांचा मध्यक असतो. शेजारी 'आयक्यूआर' टक्क्यांत लिहिलेला असतो. तो 30 च्या वर असेल, तर मोजण्या आपसात फारशा जुळलेल्या नाहीत, विशेषतः कडकपणा जास्त आला असेल तेव्हा हे पाहाच. पोटभर जेवणानंतर लिव्हरचा रक्तपुरवठा वाढतो आणि आकडाही चढतो. कावीळ नुकतीच झाली असेल, तरीही तो फुगतो. त्यामुळे तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नका, आणि अलीकडे काही आजार झाला असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा.