कांद्याचा अदृश्य वैरी

माघ महिना आला की हिंगोली जिल्ह्यातील बागायती रानांत कांद्याची हिरवी पात वाऱ्यावर डोलू लागते. ज्यांनी बियाण्यासाठी कांदा लावलेला असतो, त्यांच्या शेतात उंच दांड्यांवर पांढरे गेंद फुलतात. अशा भरात आलेल्या पिकात कधी कधी दांड्यावर लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, वाळल्या गवताच्या रंगाचा डाग उमटतो. पुढे दांडा त्याच जागी मोडतो आणि बी भरण्यापूर्वीच गेंद मातीला मिळतो. शेतकरी म्हणतो, "करपा पडला," व बुरशीनाशक फवारतो. पैसा जातो; डाग मात्र वाढतच राहतात. करपा बुरशीमुळे होतो. हा रोग विषाणूचा आहे.

विषाणू इतका सूक्ष्म असतो की, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. या विषाणूला आयरिस नावाच्या फुलझाडावरून नाव मिळाले. नेदरलंड्स देशात त्या झाडावर तो सापडला व 1998 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. भारतात कांद्यावरील त्याची पहिली नोंद महाराष्ट्रातीलच, जालना व नाशिक या भागांतील. ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली.

विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत. हा तर बियांतूनही पसरत नाही. मग तो शेतोशेती पोहोचतो कसा? त्याचे वाहन म्हणजे फुलकिडा. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा कीटक पातीच्या बेचक्यात दडतो, पात खरवडतो आणि रस शोषतो. नवल असे की, पूर्ण वाढलेल्या फुलकिड्याने रोगट पात कितीही खाल्ली, तरी तो रोगाचा वाहक होत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाने रोगट रस प्याला, तरच विषाणू त्याच्या अंगात ठाण मांडतो. मग पंख फुटल्यावर तो किडा जेथे बसेल तेथे रोग पेरीत जातो.

रोग जडलेल्या झाडाला बरे करील असे औषध नाही. म्हणून सारा झगडा फुलकिड्यांशीच. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय कांद्याच्या लागवडीपूर्वी सुमारे महिनाभर शेताभोवती मक्याच्या दोन ओळी पेरण्यास सांगते. फुलकिडा उडण्यात दुबळा. वाऱ्याबरोबर येताना तो या हिरव्या भिंतीला अडतो. तुषार सिंचनानेही पातीवरील पुष्कळ किडे धुऊन जातात. मागील हंगामात रानात राहून आपोआप उगवलेले कांदे मात्र आधी उपटून टाकावे लागतात. कारण त्यांच्याच पातीवर नव्या पिल्लांना पहिला रोगट घोट मिळतो.