घराची हवा आणि घराची ऊब

१९८४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील लिमरिक येथील अणुवीजकेंद्रांत एका अभियंत्याच्या अंगावरील किरणोत्सर्गी कणांमुळें धोक्याची घंटा वाजली. केंद्रांत वीजनिर्मिति अद्याप सुरूहि झाली नव्हती. शोधाअंतीं दोष त्याच्या घरांतील रेडॉन वायूचा निघाला!

जमिनींतील युरेनियमापासून उद्भवणारा हा वर्णगंधहीन वायु फरशीच्या भेगांतून घरांत शिरतो व फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. थंडींत खिडक्या उघडाव्या तर ऊब जाते. मिटाव्या तर वायु सांचतो.

हा पेंच उष्णता राखणारें वायुवीजनयंत्र सोडवितें. त्यांतील पातळ पडद्यांच्या एका अंगानें उबदार हवा बाहेर जाते, दुसऱ्या अंगानें थंड हवा आंत येते. हवा मिसळत नाहीं. उष्णता मात्र बरीचशी परत मिळते. वायु फारच असल्यास प्रथम फरशीखालीं नळी घालून पंख्यानें तो परस्पर बाहेर काढणेंच श्रेयस्कर.