रात्रीच्या दराने चालणारे जाळे

संगणकांचे जाळे म्हटले की अहोरात्र एकमेकांशी जोडलेली यंत्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु १९८० च्या दशकात विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कंपन्या यांच्यातील हजारो संगणकांना एकत्र बांधणारे यूयूसीपी नावाचे जे जाळे होते, ते दिवसातील बहुतेक वेळ अस्तित्वातच नसे. एक संगणक दुसऱ्याला साध्या टेलिफोनवरून हाक मारी, साठलेला पत्रव्यवहार काही मिनिटांत देऊन-घेऊन टाकी आणि फोन ठेवून देई. तेवढ्या मिनिटांपुरताच त्या दोघांमधला दुवा खरा असे. या व्यवस्थेचा इतिहास बहुधा इंटरनेटची पूर्वपीठिका म्हणून चार ओळींत उरकला जातो आणि त्यात तिच्यावर अन्याय होतो. कारण पत्ते लिहिण्याच्या तऱ्हेपासून मोठ्या ठाण्यांच्या उदयास्तापर्यंत तिचे बहुतेक गुणदोष एकाच गोष्टीतून निघाले होते, आणि ती गोष्ट म्हणजे लांब पल्ल्याच्या फोनचे बिल.

यूयूसीपी ही ‘एका युनिक्सवरून दुसऱ्या युनिक्सवर नक्कल’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. युनिक्स ही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेली संगणक-प्रणाली, म्हणजे यंत्राचा सगळा अंतर्गत कारभार पाहणारी आज्ञावली. आणि बेल प्रयोगशाळा ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळे आणि ती झपाट्याने पसरली. प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी १९७६ मध्ये यूयूसीपीची पहिली आवृत्ती लिहिली. तिचा हेतू माफक होता : कंपनीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या युनिक्स यंत्रांवर आज्ञावलींच्या नव्या प्रती आपोआप पोहोचाव्यात, एवढाच. १९७८ च्या सुमारास कंपनीतील ८२ यंत्रे ती वापरीत होती, आणि १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती बाहेरच्या जगात गेली. त्या काळी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभारलेले अर्पानेट हे जाळे होते खरे, पण त्यात प्रवेश मिळायचा तो मुख्यत्वे त्या खात्याशी करारमदार असलेल्या संस्थांना. बाकीच्यांना युनिक्स, एक मोडेम आणि एक फोन यांवर भागवावे लागे. असे भागवणाऱ्यांची संख्या पाहता पाहता अर्पानेटवाल्यांपेक्षा मोठी झाली.

यूयूसीपीची कार्यपद्धती टपालपेटीच्या जवळची होती. एखाद्याने पत्र किंवा फाइल धाडण्याची आज्ञा दिली की प्रत्यक्षात लगेच काहीच जात नसे. यंत्र ते काम एका राखीव कप्प्यात ठेवी आणि ठरलेल्या वेळेची वाट पाही. वेळ आली की ‘यूयूसीआयसीओ’ नावाची आज्ञावली जागी होई. तिच्यापाशी एक यादी असे, आणि त्या यादीत प्रत्येक शेजारी यंत्राचे नाव, त्याला फोन करण्याची मुभा असलेले वार व तास, मोडेमचा वेग, फोन क्रमांक आणि समोरच्या यंत्राशी करावयाच्या संवादाची संहिता एका ओळीत लिहिलेली असे. ही संहिता म्हणजे ‘अमुक ऐकू आले की तमुक म्हण’ अशा जोड्यांची माळ. त्यात एक मौजेची खूण आढळते : समोरचे यंत्र ‘लॉगिन’ म्हणेल हे ठाऊक असूनही यादीत केवळ ‘ऑगिन’ एवढ्याचीच वाट पाहण्याची सूचना असे. पहिले अक्षर कुठे मोठ्या तर कुठे छोट्या लिपीत येई आणि कित्येकदा तारेवरच्या खरखरीत हरवून जाई, म्हणून अनुभवी लोकांनी ते गाळूनच टाकले होते.

ओळख पटल्यावर हाक मारणारे यंत्र काही काळ मालकाच्या भूमिकेत राही आणि आपल्याकडचे सगळे काम उरकून फोन ठेवण्याची परवानगी मागे. समोरच्याकडेही काही साठलेले असेल तर ते नकार देई. मग भूमिका बदलत आणि त्याचे टपाल त्याच कॉलमध्ये इकडे येई. दोन्हीकडची कामे संपली की दोन्ही यंत्रे इंग्रजी ‘ओ’ या अक्षराची माळ एकमेकांना पाठवून निरोप घेत. मजकूर ६४ अक्षरांच्या छोट्या पुडक्यांत जाई, प्रत्येक पुडक्यासोबत त्याची बेरीज जाई, आणि बेरीज जुळली नाही तर ते पुडके पुन्हा मागवले जाई. ज्याने फोन लावला त्याला बिल, हा टेलिफोनचा नियमही या आज्ञावलीने ओळखला होता : समोरच्याने फोन करताच तो तोडून आपणच उलट फोन करावा, अशी सोय तीत होती. ती सुरक्षिततेसाठी जितकी उपयोगी होती तितकीच खर्च कोणाच्या माथी पडावा हे ठरवण्यासाठीही.

संगणकाचे शून्य-एक टेलिफोनच्या तारेतून नेणारे उपकरण म्हणजे मोडेम. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली. ती साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाजच वाहते. मोडेम शून्यासाठी एक सूर आणि एकासाठी दुसरा सूर काढी, व पलीकडचा मोडेम सुरांवरून पुन्हा शून्य-एक ओळखी. १९६० च्या दशकातील बेल १०३ या नमुन्याचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सुमारे ३० अक्षरे होता. अमेरिकेत टेलिफोन कंपनी आपल्या तारेला परकी उपकरणे जोडू देत नसे, म्हणून कित्येक मोडेमांना रबराच्या दोन वाट्या असत आणि त्यांत फोनचा रिसीव्हर आडवा बसवावा लागे, जणू दोन यंत्रे कानाला कान लावून कुजबुजत आहेत. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने ही मक्तेदारी सैल झाली. १ लाख अक्षरांचा मजकूर ३०० च्या वेगाने धाडायला जवळजवळ ५५ मिनिटे लागत, १२०० च्या वेगाने १४ मिनिटे, आणि ९६०० च्या वेगाने २ मिनिटांहून कमी. या आकड्यांना लांब पल्ल्याच्या कॉलच्या दराने गुणले म्हणजे त्या काळच्या प्रशासकांना मोडेमच्या वेगाचे इतके वेड का होते ते समजते. १९८० च्या दशकाच्या मध्यास टेलिबिट कंपनीच्या ट्रेलब्लेझर मोडेमने यूयूसीपीची पोच-पावत्यांची भाषाच शिकून घेतली. पलीकडून पावती येण्याची वाट न पाहता तो जवळच्या यंत्राला स्वतःच पावती देऊन टाकी आणि तारेवरचे अंतर आपल्या पद्धतीने भरधाव कापी. हे शुद्ध ढोंग होते, पण बिल घटवणारे ढोंग असल्याने कोणी तक्रार केली नाही.

प्रत्येक यंत्राला प्रत्येक यंत्राशी थेट बोलणे परवडणारे नव्हते. म्हणून पत्र मजल दरमजल करीत जाई. शेजारच्या यंत्राने ते घ्यावे, आपल्या कप्प्यात ठेवावे, रात्री पुढच्याला द्यावे, असे करीत ते मुक्कामी पोहोचे. मात्र वाट कोणती घ्यायची हे यंत्रांना ठाऊक नसे. ते पाठवणाऱ्याने पत्त्यातच लिहायचे असे. वाटेतील यंत्रांची नावे क्रमाने लिहून दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह घालायचे आणि शेवटी व्यक्तीचे नाव, अशी ती रीत होती. त्यामुळे एकाच माणसाचा पत्ता कुठून लिहितो त्याप्रमाणे बदले. लोक आपल्या पत्राखाली एखाद्या सुप्रसिद्ध ठाण्यापासूनची वाट देत आणि तिथपर्यंत कसे यायचे ते वाचणाऱ्यावर सोडत. ‘मारुतीच्या देवळापाशी या आणि तिथे कोणालाही विचारा’ असे सांगणाऱ्या गावकऱ्याच्या पत्त्याची ही सख्खी बहीणच. असे देवळाचे स्थान शिकागोजवळच्या नेपरव्हिल येथील एटी अँड टीच्या ‘आयएचएनपी४’ या यंत्राला लाभले होते. त्याच्या नावातील पहिली दोन अक्षरे तेथील इंडियन हिल प्रयोगशाळेची. भारताशी त्यांचा काही संबंध नाही.

पुढे स्वयंसेवकांनी सर्व ठाण्यांचे नकाशे जमवले. स्टीव्ह बेलोव्हिन आणि पीटर हनीमन यांची ‘पाथएलियस’ ही आज्ञावली त्या नकाशांवरून कोणत्याही ठाण्याकडे जाणारी स्वस्तातली वाट काढून देई. या नकाशांत अंतर मैलांत मोजलेले नव्हते. स्थानिक दुव्याची किंमत २५, हवा तेव्हा फोन करणाऱ्या दुव्याची ३००, तासातासाला करणाऱ्याची ५००, केवळ संध्याकाळी करणाऱ्याची १८००, दिवसातून एकदा करणाऱ्याची ५००० आणि आठवड्यातून एकदा करणाऱ्याची ३०००० अशी कोष्टके होती. या हिशेबात शेजारच्या गल्लीतील आळशी यंत्र महासागरापलीकडील तत्पर यंत्राहून दूर ठरू शके. जाळ्याचा खरा भूगोल कोणता, हे या कोष्टकाइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र कोष्टकाने सुटत नव्हता. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील बेलोव्हिन यांनी यूयूसीपीवर यूजनेट ही सार्वजनिक चर्चेची व्यवस्था उभी केली. तीत एका यंत्रावर लिहिलेला लेख शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात सर्व यंत्रांवर उमटे, आणि तो कोणकोणत्या यंत्रांतून आला याची नोंद त्याच्या माथ्यावर राहत असल्याने आलेल्या वाटेने परत जात नसे. लेखांचा पूर वाढत गेला तशी काही ठाणी इतरांचा भार वाहू लागली : एटी अँड टीची यंत्रे, डिजिटल या संगणक-कंपनीचे ‘डेकव्हॅक्स’, व्हर्जिनियातील भूकंप-अभ्यास केंद्राचे ‘सिस्मो’. परक्यांच्या पत्रांसाठी हजारो डॉलरची बिले भरणारी ही ठाणी धर्मशाळेसारखी चालत, आणि वरिष्ठांचे लक्ष गेले की धर्मशाळा बंद पडे. औदार्यावर उभे राहिलेले जाळे वाढले की औदार्य पुरत नाही, हे ओळखून सिस्मो सांभाळणाऱ्या रिक ॲडम्स यांनी १९८७ मध्ये, युनिक्स वापरणाऱ्यांच्या यूजनिक्स या संघटनेकडून कर्ज घेऊन, यूयूनेट ही पैसे घेऊन टपाल वाहणारी संस्था काढली. जाळ्याच्या इतिहासातील हा निर्णय तांत्रिक शोधांइतकाच मोलाचा मानावा लागतो.

युरोपचे प्रवेशद्वार अॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रातील ‘एमसीव्हॅक्स’ हे यंत्र होते. १ एप्रिल १९८४ रोजी तेथील पीट बीर्टेमा यांनी सोव्हिएत संघ यूजनेटमध्ये सामील झाल्याचे, ‘क्रेमव्हॅक्स’ या यंत्रावरून खुद्द सोव्हिएत नेते चेर्नेन्को यांनी लिहिल्यासारखे पत्र प्रसृत केले, आणि पत्त्यातील वाट कोणीही मनाने रचू शकतो ही या व्यवस्थेची उणीव थट्टेत उघडी पडली. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, मॉस्कोतील रेलकॉम हे जाळे फिनलंडशी फोनने खरोखरच जोडले गेले. ऑगस्ट १९९१ मधील सत्तापालटाच्या प्रयत्नात त्याच वाटेने बातम्या बाहेर आल्या, आणि तिकडील एका यंत्राला क्रेमव्हॅक्स हेच नाव मिळाले.

भारतात या जाळ्याचे पहिले पाऊल मुंबईत पडले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट, म्हणजे शिक्षण व संशोधन जाळे, हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि स्वतः तो विभाग, असे आठ भागीदार त्यात होते. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ मध्ये फोनवरून यूयूसीपीने टपाल सुरू झाले, आणि परदेशी टपालाचा दरवाजाही एस. रामाणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटीतच होता. ज्या देशात घरी फोन यायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि दर उतरावा म्हणून लोक रात्री उशिरा एसटीडी बूथपुढे रांग लावीत, त्या देशाला साठवून रात्री धाडण्याची ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नव्हती. परदेशी विद्यापीठांत गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना घरच्या गप्पांचा कट्टा यूजनेटवरच सापडला. पुढे तेथे खास मराठीचा गटही निघाला. पण केवळ रोमन अक्षरे नेणाऱ्या या वाटेवर देवनागरी चालत नसल्याने मराठी रोमन लिपीतच लिहावी लागे, आणि तिला छापील देवनागरीचे रूप देण्यासाठी अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही आज्ञावली उपयोगी पडे.

पत्र पोहोचले की वाटेत कुठे गडप झाले हे न कळणे, वाटेवरच्या प्रत्येक प्रशासकाला ते वाचता येणे, आणि उत्तराला कधी दिवस तर कधी आठवडा लागणे, हे या जाळ्याचे दोष होते, आणि अखंड जोडणी स्वस्त होताच त्यांच्याकडे डोळेझाक करण्याचे कारण उरले नाही. १९९० च्या दशकात मोठी ठाणी एकामागून एक इंटरनेटकडे वळली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि एनसीएसटी पुढे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाली. इयन लान्स टेलर यांनी १९९१ मध्ये लिहिलेली यूयूसीपीची मुक्त आवृत्ती मात्र अजून विनामूल्य मिळते, आणि दोन संगणक, दोन मोडेम व दोन साधे फोन हाताशी असलेल्या कोणालाही ती चालवून पाहता येते.