सही झाली, मंजुरी राहिली

१४ ऑक्टोबर १९९७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली. तेव्हा ठाण्यातल्या आमच्या कोलशेतला टॉवर नव्हते. खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गावठाण, हवाई दलाचा तळ आणि रसायनांचे कारखाने, एवढीच गावाची ओळख. कारखाने गेले, त्या जमिनीवर तीस-तीस मजले चढले, कोलशेत रोडवर गाडी चालवणं मुश्कील झालं. सही मात्र होती तिथेच आहे. नुसत्या सहीने देश करारात बांधला जात नाही. मागाहून रीतसर मंजुरी द्यावी लागते. ती पंचवीस वर्षं उलटून गेली तरी दिलेली नाही. मधल्या काळात केंद्रात प्रत्येक मोठ्या पक्षाची सत्ता येऊन गेली.

हा करार १० डिसेंबर १९८४ चा. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा दहशत बसवण्यासाठी सरकारी माणसाने दिलेली किंवा त्याच्या संमतीने दिली गेलेली तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना म्हणजे छळ, अशी त्याची व्याख्या. युद्ध असो, आणीबाणी असो, वरून आलेला हुकूम असो, कुठलीही सबब चालणार नाही, ही त्यातली खरी कडक अट.

आपल्याकडे कायदाच नव्हता असं मात्र नाही. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलिस खात्याची माणसं सर्रास छळ करतात, हे १८५५ च्या चौकशी आयोगाने सरकारलाच लिहून दिलं होतं. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. इंग्रजांचा स्वतःच्या पोलिसांवर विश्वास नव्हता आणि तो नसल्याचं त्यांनी कायद्यात लिहून टाकलं. एवढा प्रांजळपणा नंतर कुठल्याच सरकारला जमलेला नाही. मारून कबुली घेणाऱ्याला दंडसंहितेत सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होतीच.

गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं तेव्हा चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यात वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावं होती. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय तसंच गृहीत धरेल. दोनच वर्षांनी विधी आयोगाने पुढचं पाऊल सुचवलं. कोठडीत माणसाला जखमा झाल्या, तर त्या पोलिसांनीच केल्या असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ही शिफारस अजून कागदावरच आहे. तिच्यासाठी मोर्चे निघाले नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्याचा निकाल लागला. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून बंगालमधल्या एका विधी सहाय्य कार्यकर्त्याने दहा वर्षांपूर्वी पाठवलेलं पत्र, हीच त्या खटल्याची याचिका. न्यायालयाने अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा. घरच्यांना कळवावं. दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी व्हावी. शिवाय हे नियम प्रत्येक पोलिस ठाण्यात दर्शनी भागी लावावेत. फलक लागले, आजही दिसतात. ते उभं राहून वाचणारा माणूस मात्र मी पाहिलेला नाही. ठाण्यात गेलेला माणूस भिंत वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो.

आणि मग १९९९ मध्ये महाराष्ट्राने मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणला. मुंबईतल्या टोळ्यांचा तो काळ आठवला तर या कायद्याला फारसा विरोध का झाला नाही, ते समजतं. पण त्याच्या कलम १८ ने १८७२ ची भिंत पाडली. पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब या कायद्याखाली पुरावा ठरू लागला. २००२ च्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्यानेही हीच सोय केली. कबुलीला पुराव्याची किंमत आली की ती कशी मिळवली जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पोटा आला त्याच वर्षी, २ डिसेंबरला, घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. परभणीचा २७ वर्षांचा ख्वाजा युनूस दुबईत सॉफ्टवेअर इंजिनिअर होता आणि सुट्टीवर घरी आला होता. नाताळच्या दिवशी त्याला चिखलदऱ्यातून उचललं. ६ जानेवारी २००३ रोजी घाटकोपरच्या कोठडीत त्याला मारहाण होताना आणि तो रक्त ओकताना आपण पाहिलं, असं सहआरोपी असलेल्या डॉक्टरने सांगितलं. पोलिसांची हकीकत वेगळी होती. औरंगाबादला नेताना पारनेरजवळच्या घाटात जीपला अपघात झाला आणि युनूस पळून गेला, असं त्यांचं म्हणणं. त्याचं प्रेत आजवर सापडलेलं नाही.

त्याची आई आसिया बेगम उच्च न्यायालयात गेली. सीआयडीचा तपास झाला आणि पळून गेल्याची हकीकत रचलेली निघाली. सीआयडीने चौदा पोलिसांवर खटल्याची शिफारस केली; सरकारने मंजुरी दिली ती फक्त चौघांवर. ज्या स्फोटासाठी युनूसला धरलं, त्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूस असता तर तोही सुटला असता, असं म्हणायला हरकत नाही. चौघांवरचा खटला रखडत रखडत २०१८ मध्ये साक्षीपुराव्यापर्यंत पोचला. त्या डॉक्टरने न्यायालयात आणखी चार पोलिसांची नावं घेतली. त्यांनाही आरोपी करा असा अर्ज सरकारी वकिलांनी केला, तर सरकारने त्या वकिलांनाच बदललं. त्या चौघांपैकी एक, निलंबित झालेले सचिन वाझे, २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. ठाणेकरांना हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे: मार्च २०२१ मध्ये इथले व्यापारी मनसुख हिरन यांचा मृतदेह मुंब्र्याच्या खाडीत मिळाला, त्या प्रकरणात वाझे आरोपी झाले. युनूसच्या खटल्यात खून शाबीत झालेला नाही, तेव्हा कोणाला खुनी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण चौदाचे चार कोणी केले, याचं उत्तर सरकारकडेच मागायला हवं.

छळाविरुद्ध कायदा करण्याचा दिल्लीतला प्रयत्न दोन वाक्यांत आटपतो. मे २०१० मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक संमत केलं, राज्यसभेने ते निवड समितीकडे दिलं, समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक मेलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने नवा मसुदा दिला. तो पडून आहे. गंमत अशी की छळ आणि क्रूर, अमानुष, मानहानिकारक वागणूक यांना नाव घेऊन मनाई करणारे शब्द आपल्या कायद्यात आलेच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात. ठाण्याच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णाला साखळीने बांधता येणार नाही, हे कायदा स्वच्छ सांगतो. कोठडीतल्या धडधाकट माणसासाठी तेवढा स्वच्छ शब्द संसदेला अजून सापडलेला नाही.

कराराला मंजुरी न देण्याची किंमत परदेशात मोजावी लागते. विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणासाठी लंडनच्या न्यायाधीशांनी २०१८ मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबर बराकीची चित्रफीत मागवली. आत उजेड किती येतो, तेसुद्धा दाखवावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रत्यार्पणाच्याच खटल्यात संजय भंडारींना तर लंडनच्या उच्च न्यायालयाने सोडूनच दिलं. तिहारमध्ये त्यांना मारहाणीचा आणि खंडणीचा धोका आहे, हे एक कारण.

हे सगळं सरकारच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला’ हे वाक्य आपल्या स्थानिक पानांवर इतक्यांदा छापून येतं की त्यात एका गुन्ह्याची कबुली आहे, हे बातमीदाराच्या आणि वाचकाच्याही ध्यानात येत नाही. पुण्यात, उल्हासनगरात आरोपींची धिंड निघते आणि लोक मोबाइल उंचावून उभे राहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला तर पकडलेल्यांकडून कॅमेऱ्यासमोर जिल्ह्याच्या कायदाप्रेमाची घोषणा वदवून घेण्याचा प्रकार गाजला. मानहानिकारक वागणुकीचं याहून सरळ उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळायचं नाही. आम्ही त्यावर हसलो आणि ते पुढे पाठवलं.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे तळोजा तुरुंगातून आणताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. गुन्हा इतका किळसवाणा होता की पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’चे फलक लागले. दफनाला जागा मिळेना. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर उल्हासनगरात माती मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये ठाण्याच्या दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला. त्याने पिस्तूल हिसकावल्याच्या हकीकतीवर संशय घेऊन पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

शिंदेच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांत, २०२४ मध्येच, पुन्हा परभणी. १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनीच, तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली आणि त्यावरच्या आंदोलनानंतर धरपकड सुरू झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांचा उल्लेख होता. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाणीचा इन्कार केला. गुन्हा नोंदवायला जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाचा आदेश लागला. त्याविरुद्ध राज्य सरकार दिल्लीला गेलं आणि हरून आलं.

त्याच जुलैत उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांतले बाराही दोषी सोडले. मोक्काखाली घेतलेले कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. ते एकमेकांची नक्कल केल्यासारखे होते आणि वैद्यकीय नोंदी छळाकडे बोट दाखवत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत हा निकाल दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसं मेली होती. हा निकाल खरा मानला तर स्फोट कोणी केले, ते १९ वर्षांनीही आपल्याला माहीत नाही. मारून तपास लवकर लागतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पोलिस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत पसरून मागता येतात. म्हणून आपल्यापैकी कोणावर वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर पहिल्या रिमांडला दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ शेजारी तोच हवालदार उभा असतो, ज्याच्याबरोबर परत कोठडीत जायचं असतं. आरोपी मान हलवतो आणि कागदावर ‘तक्रार नाही’ उमटतं. मार बसला असेल तर त्याच क्षणी सांगा, वकिलामार्फत लेखी द्या आणि डॉक्टरी तपासणी मागून घ्या. दुसऱ्या तारखेला सांगितलेला मार वकिलाने पढवलेला ठरतो.