बायोफिजिक्स घ्यावं की नाही?

सेकंड इयरवाल्यांनो, इलेक्टिव्हचे फॉर्म लागले आहेत आणि मेसमध्ये रोज एकच प्रश्न ऐकू येतोय, "बायोफिजिक्स स्कोअरिंग आहे का रे?" एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्यापैकी बहुतेकांची बायोलॉजी दहावीनंतर सुटलेली. हृदयाची आकृती काढा, नावं द्या, संपलं! हेही तसंच पाठ करून निघेल, या हिशोबाने वर्ग भरला. पहिल्याच टेस्टमध्ये प्रश्न आला : वटवाघूळ माणसाला ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजात का ओरडतं? आकडे तुम्हीच धरा. मेकॅनिकलची पोरं फॉर्म्युला शोधत बसली, कॉम्प्युटरवाले एकमेकांकडे बघत बसले. पुढच्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे.

जे उरलो त्यांना मॅडमनी वेरूळला नेलं. दहाव्या लेण्यात, म्हणजे 'सुतार की झोपडी'त, नुसतं बोललं तरी आवाज घुमत राहतो. पण प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला आपल्याला समोरची भिंत सुमारे १७ मीटर लांब लागते. वटवाघळाला हातभर अंतरही पुरतं. कसं?

आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. आपला २०० हर्ट्झचा आवाज म्हणजे १.७ मीटरची लाट. एवढ्या लाटेला चिलट म्हणजे काहीच नाही, ती त्याला वळसा घालून पुढे जाते. ५० किलोहर्ट्झला हीच लाट ७ मिलिमीटरच्या आत येते आणि मग किड्यावरून परत फिरते. झालं टेस्टचं उत्तर!

खरी गंमत पुढे आहे. हाक ५ मिलिसेकंदांची असेल तर ८५ सेंटीमीटरच्या आतल्या किड्याचा प्रतिध्वनी हाक संपायच्या आधीच परत येणार आणि सगळी खिचडी होणार. म्हणून भक्ष्य जवळ आलं की वटवाघूळ हाका आखूड करतं आणि झपाट्याने वाढवतं, शेवटी सेकंदाला दोनशेच्या आसपास. हे आम्ही कागदावर आधी काढलं, पुस्तकात नंतर वाचलं. त्या दिवशी जे वाटलं ते सबमिशनच्या फायली भरताना कधी वाटलं नव्हतं.

इटलीच्या स्पालांझानीने १७९० च्या दशकातच दाखवलं होतं की आंधळं वटवाघूळही न धडकता उडतं. ज्युरीनने कान बंद केले तेव्हा मात्र ते धडकलं. तरी लोकांना पटेना, कारण आवाज तर ऐकूच येत नव्हता! १९३८ मध्ये हार्वर्डला ग्रिफिन आणि पिअर्सने यंत्रावर तो पकडला.

मार्कांचं म्हणाल तर पाठांतरवाल्यांनी दुसरा विषय बघावा. लॉग आणि इंटिग्रेशन येत असेल तर बिनधास्त घ्या, बायोलॉजी मॅडम शिकवतात. आणि पेपरात वटवाघूळ आलंच तर कोणतं ते आधी बघा. दिवसा झाडांवर उलटी लटकणारी ती मोठी, फळं खाणारी वटवाघळं डोळ्यांनी बघतात. त्यांना हा हिशोब लागू नाही.