दोन जिवांची, पण दोन ताटांची नव्हे



सून गरोदर राहिली की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा पहिला उपदेश ठरलेला असतो: "आता तू दोन जिवांची. दोघांचं खा!" या बोलण्यात माया आहे, यात शंका नाही. सुनेला सर्वांच्या मागून उरलंसुरलं जेवावं लागे, त्या काळी हा उपदेश मोलाचाच होता. कृश स्त्रीला तो आजही उपयोगी पडेल. पण जी मुळातच स्थूल आहे, तिचं काय?

स्थूल कुणाला म्हणावं, ते आधी पाहू. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागावं. उंची दीड मीटर आणि वजन ७० किलो असेल, तर ७० भागिले सव्वादोन, म्हणजे सुमारे ३१. गरोदरपणापूर्वी हा आकडा ३० किंवा अधिक असेल, तर ती स्थूलता. आपल्याकडील अनेक डॉक्टर तर २५ पासूनच सावध करतात.

आता, नऊ महिन्यांत वाढतं ते काय? मूल सुमारे ३ किलो, वार अर्धा ते पाऊण किलो, गर्भजल किलोभर, गर्भाशयाची वाढ जवळजवळ तेवढीच. शिवाय वाढलेलं रक्त आणि अंगातलं पाणी. उरते ती चरबी. बाळाला अंगावर पाजण्यासाठी शरीराने केलेली ती बेगमी! स्थूल स्त्रीची ही कणगी आधीच भरलेली असते. म्हणूनच अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली मध्यम बांध्याच्या स्त्रीसाठी ११.५ ते १६ किलो, तर स्थूल स्त्रीसाठी ५ ते ९ किलो वाढ योग्य ठरवली. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण पाव किलो.

वाढ याहून फार झाली, तर मूल जास्त मोठं होऊन प्रसूती अडण्याचा व शस्त्रक्रियेचा संभव वाढतो. शिवाय बाळंतपणानंतर ते वजन सहसा उतरत नाही.

"मग मी उपास करू का?" असं कुणी विचारील. मुळीच नाही! हे दिवस वजन उतरवण्याचे नव्हेत. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध-ताक वेळेवर घ्यावं. आवर घालायचा तो डोहाळ्यांच्या नावाखाली येणाऱ्या मिठाईला, तळणाला आणि गोड चहाला. डॉक्टरांची मनाई नसेल, तर रोज अर्धा तास चालावं.

स्थूल स्त्रीला या काळात मधुमेह व रक्तदाब होण्याचा धोका अधिक. तेव्हा रक्तातली साखर पहिल्याच भेटीत तपासावी आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासावी. वजन एकाएकी वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं फार दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि घरच्या मंडळींनो, "किती फुगलीस!" म्हणून तिला हिणवू नका. लाजेपोटी ती वजनकाट्यावर उभी राहायची नाही, आणि तपासणीही टाळील. त्यापेक्षा तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तिचं वजन किती वाढावं ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मग त्या बेतानेच तिचं ताट वाढा.