कोयनेच्या खोऱ्यांतील रक्षित रान व शेतकरी

रान राखणें हें वनखात्याचें काम, शेतकऱ्यास त्याच्याशीं काय कर्तव्य, असा समज आमच्या कृषिबंधूंमध्यें पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो दूर व्हावा, व रानाच्या कडेस राहणाऱ्या शेतकऱ्याची खरी अडचणही सर्वांच्या ध्यानीं यावी, एतदर्थ कोयनेच्या खोऱ्याचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोयना महाबळेश्वरीं उगम पावून सह्याद्रीच्या रांगेस धरून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकनजीक पूर्वेस वळते व कऱ्हाड येथें कृष्णेस मिळते. तिच्यावरील धरणाच्या शिवसागर जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. जलाशयाभोंवतालचें सुमारें ४२३ चौरस किलोमीटर रान १९८५ सालीं अभयारण्य ठरलें. २०१० सालीं चांदोलीच्या रानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ सालीं जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा अशीं झाडें व गवा, सांबर, भेकर, शेकरू असे प्राणी तेथें नांदतात.

रानामुळेंच पाऊस पडतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पडलेल्या पावसाचें काय होतें, हें मात्र पुष्कळ अंशीं रानावर अवलंबून असतें. उघड्या उतारावर पावसाची धार थेट मातीवर आपटते आणि पाण्याबरोबर माती ओढ्यास मिळते. दाट रानांत तीच धार प्रथम पानांवर फुटते, खालचा पालापाचोळा तिचा जोर मोडतो, आणि मुळांच्या वाटेनें बरेंच पाणी जमिनींत मुरून पुढें झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतें. माती डोंगरावर टिकली म्हणजे जलाशयांत गाळ कमी सांठतो. या जलाशयाचें पुष्कळ पाणी वीज उत्पन्न करण्यासाठीं पश्चिमेस वळविलें जातें, तर उरलेलें खालीं पूर्वेस शेतांना मिळतें. तेव्हां मळ्यांतील ऊंस पिकविणारा व शहरांत दिवा लावणारा असे दोघेही या रानाचे ऋणी आहेत.

आतां दुसरी बाजू. धरणासाठीं व पुढें रानासाठीं अनेक गांवें उठलीं. जीं कडेस राहिलीं, तेथें नाचणी, वरी, भात हीं पिकें हातीं येण्याच्या सुमारास गवे व रानडुकरें शिरतात, आणि रात्रभर माळ्यावर बसून राखण करूनही एका रात्रींत वर्षाचें धान्य जातें. लाभ खालच्या शेतकऱ्यास आणि तोटा वरच्यास, ही वांटणी न्याय्य नव्हे.

अशा नुकसानीबद्दल सरकारी भरपाईचे नियम आहेत. ज्याचें पीक गेलें त्यानें विलंब न लावतां वनखात्यास लेखी कळवावें, पंचनामा होईपर्यंत शेत मोडूं नये, व अर्जाची नक्कल जवळ ठेवावी. एकट्याच्या अर्जापेक्षां सर्व गांवानें मिळून केलेल्या अर्जास अधिक वजन येतें.

खालच्या खोऱ्यांतील संस्थांसही आमची विनंती आहे कीं, भरपाई पुरेशी व वेळेवर मिळावी म्हणून त्यांनीं वरच्या गांवांच्या मागणीस आपल्या ठरावांचें बळ द्यावें. रानाच्या कडेचा शेतकरी सुखी असेल तरच तो रानाचा राखणदार होईल. तो कंटाळला, तर कितीही पहारे बसविले तरी तें रान टिकणार नाहीं.